तिवारी साहेबांचे रंग

परवा अजिंठ्याला पहिल्या लेण्याबाहेर चपला काढत होतो, तेवढ्यात माझ्या ग्रुपमधल्या एका फ्रेंच बाईनं पिशवीतून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. मुखपृष्ठ पाहिलं आणि माझा एक पाय चपलेत, एक बाहेर, असाच राहिला. आमच्या शहरातला गुलमंडीचा चौक, दुपारची वेळ, दुकानांवर ताणलेल्या ताडपत्र्या आणि त्यांतून गाळून खाली आलेला विटकरी उजेड. बाईनं विचारलं, "याचे रंग म्हणे चित्रकारानं या भिंतींवरून घेतले. खरं का?"

मी म्हणालो, "अगदी खरं."

सव्वीस वर्षं मी फ्रेंच भाषेचा गाईड आहे. समोरच्याला काय ऐकायचंय हे मला त्याच्या आधी कळतं आणि तोंड आपोआप तेच बोलून मोकळं होतं. बाई खूश झाली, आत गेली. मी बाहेर पायरीवर बसलो आणि मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या. म्हणून हे लिहायला घेतलंय.

त्या चित्रकाराचं नाव तिएरी. आडनाव इथं कुणालाच उच्चारता आलं नाही, मलाही धड नाही. समर्थनगरात मीच त्याला दोन खोल्या बघून दिल्या. घरमालकानं दारावर पाटी लावली ती 'तिवारी' अशी. पोस्टमनला ती सोयीची वाटली आणि महिन्याभरात साठीला टेकलेला, सहा फुटी, पोक आलेला, घारा फ्रेंच माणूस सगळ्या गल्लीचा तिवारी साहेब झाला. त्याला ते आवडलं. म्हणायचा, "या नावावर कुणाचा हक्क नाही. हे माझ्याकडून कुणी काढून घेणार नाही."

त्याचं काय काढून घेतलं होतं, ते आधी सांगतो. फ्रान्समध्ये चित्रकथा म्हणजे पोरांना गप्प बसवायची वस्तू नसते. म्हातारी माणसंसुद्धा रांगेत उभी राहून चित्रकाराची सही घेतात. तिवारीनं तरुणपणी एक नायक काढला होता. जहाजावरचा एका डोळ्याचा आचारी. हा आचारी रस्सा चाखून खुनी ओळखायचा. पुस्तकं धडाधड खपली. पण पहिल्या पुस्तकाच्या वेळी यानं न वाचता करारावर सही केली होती. पुढं प्रकाशकाशी वाजलं तेव्हा कळलं, आचारी प्रकाशकाचा आहे. त्यांनी दुसरा चित्रकार नेमला, मग तिसरा. आचारी चालूच राहिला. तिवारीनं त्याचं साधं चित्र काढून कुणाला दिलं तरी वकिलाची नोटीस यायची.

गुलमंडीतल्या चहाच्या टपरीवर तो बिनदुधाचा चहा घ्यायचा. कधीकधी सांडलेल्या चहात बोट बुडवून टेबलावर चार रेघा ओढायचा. टोपी, नाक, एक डोळा. झाला आचारी. आणि कुणी वाकून बघायच्या आत तळव्यानं पुसून टाकायचा. हे मी कितीदा तरी पाहिलंय.

इथल्या लोकांची चित्रं मात्र तो सढळ हातानं वाटायचा. रिक्षावाला, कुलपं दुरुस्त करणारा, मशिदीबाहेरचा अत्तरवाला, ज्याचं चित्र काढलं त्याला कागद फाडून देऊन टाकायचा. लोक म्हणायचे, "साहब, साइन तो मारो." तो मान हलवायचा. "सही केली की वस्तू दुसऱ्याची होते," हे त्याचं आवडतं वाक्य. मी ते लोकांना दक्खनीत सांगायचो आणि लोक एखाद्या फकिराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायचे.

माझी त्याची ओळख अजिंठ्यालाच झाली. पंधरा जणांच्या ग्रुपमध्ये होता. या लेण्यांत शिरलेला प्रत्येक माणूस पहिल्यांदा रंगांचं विचारतो. हा निळा कशापासून केला, तो टिकला कसा. तिवारीनं रंगाबद्दल एक शब्द काढला नाही. तो कोपरं, बोटं, मानेची वळणं उतरवून घेत होता. सतराव्या लेण्यात त्यानं एकच प्रश्न विचारला, "सही कुठं आहे?" मी म्हणालो, "कुठंच नाही. कुणी काढलं ते माहीत नाही." तो तिथंच जमिनीवर बसला आणि डोळे पुसायला लागला. ग्रुप पुढं विमानतळावर गेला, हा मागं राहिला तो नऊ वर्षं. मला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे! सव्वीस वर्षांत मी ज्यांच्याबद्दल असं बोललो असेन त्यांची यादी करायला बसलो तर मलाच लाज वाटेल.

फ्रान्समधून त्याची बहीण दरवर्षी आचाऱ्याचं नवं पुस्तक पाठवायची. तो भिंग घेऊन बसायचा आणि परक्या हातानं केलेल्या चुका पेन्सिलीनं गोल करून ठेवायचा. पेन्सिल हिरवी असायची. मी एकदा सहज विचारलं, "चुका लाल पेन्सिलीनं काढतात ना? ही हिरवी का?" त्यानं पेन्सिलीकडे पाहिलं, ती खिशात घातली आणि तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

औरंगपुऱ्याच्या भाजीबाजारात तो टोमॅटो निवडायचा ते निम्मे कच्चे. भाजीवाली हसून म्हणायची, "सायबाला चटणी करायची दिसतीय." मला वाटायचं, असेल बुवा फ्रेंच लोकांची आवड. पायांत दोन वेगवेगळ्या रंगांचे मोजे. मला वाटायचं, कलावंत आहे. विक्षिप्तपणा म्हणून एकदा खातं उघडलं की त्यात आपण काहीही जमा करतो.

खरं काय ते ओळखलं सुमनताईंनी, आणि तेही एका मिनिटात.

सुमनताई गुलमंडीतल्या एका मॅचिंग सेंटरमध्ये कामाला. गिऱ्हाईक साडी घेऊन येणार, साडीला शोभेल असं ब्लाऊजपीस, फॉल, अस्तर काढून द्यायचं, हे त्यांचं काम. वीस वर्षं त्या काउंटरमागं उभ्या होत्या. बाई साडी घरी विसरून आली तरी चालायचं. "सांगा कशी हाय," म्हणायच्या, "डाळिंबी का आमसुली? उन्हात जरा जांभळी मारती का?" आणि मागच्या हजार ताग्यांतला नेमका एक उपसायच्या. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही. माहेर शेंद्र्याचं, चांगलं शेतकऱ्याचं घर. नवऱ्यानं सोडलेल्या. गुलमंडीच्या मागं एका खोलीत एकट्या राहायच्या.

तिवारीचा शेवाळी रंगाचा एक कुर्ता फाटला होता. त्याला तसंच ठिगळ हवं होतं, म्हणून मी त्याला तिथं घेऊन गेलो. त्यानं मला बोलूच न देता स्वतःच एक कापड उचललं आणि कुर्त्याला लावून म्हणाला, हे. कापड चक्क तपकिरी होतं. सुमनताईंनी कुर्ता पाहिला, कापड पाहिलं, मग त्याचे डोळे पाहिले. मला हळूच म्हणाल्या, "दादा, ह्या सायबाला हिरवं-तांबडं दिसत नाय."

मी ते त्याला सांगितलं नाही. पण त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. कान लाल झाले. पुढच्या आठवड्यात तो एकटाच त्यांच्याकडे गेला, बगलेत चित्राचा कागद घेऊन.

झालं होतं असं की, फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या एका छोट्या प्रकाशकानं त्याच्याकडून नवं पुस्तक मागितलं होतं. या शहराचं, संपूर्ण रंगीत. आचाऱ्यानंतर पहिल्यांदा कुणीतरी त्याच्याकडे काही मागत होतं. पासष्टीच्या माणसाची ही शेवटची संधी होती आणि त्याला रंग दिसत नव्हते. मी विचारलं, "मग आजवर काय करत होता?" म्हणाला, "मी रेषेचा माणूस. रंगांना प्रकाशकाचं कुणीतरी असायचं." कोण, विचारलं, तर त्याला नाव आठवेना. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दुकान सोमवारी बंद. दर सोमवारी सुमनताई समर्थनगरात यायच्या, पिशवीभर चिंध्या घेऊन. मधे दुभाषा मी. त्यांची पद्धत त्यांचीच होती. तिवारीनं काढलेलं पान समोर ठेवायच्या आणि कापडाचे तुकडे त्यावर मांडायच्या. "हितं राणी नको, डोळ्यात घुसतो. हितं भिंतीला श्रीखंडी घ्या, पण सावलीत जरा राख मिसळा. ही बाई उन्हातून आली ना, मंग तिचा पदर फिक्का दिसंल." मांडणी मनासारखी झाली की त्या तुकड्यांबरहुकूम रंग कालवायच्या आणि दुसऱ्या कागदावर भरायच्या. फ्रान्समध्ये अशीच रीत आहे म्हणे. काळ्या रेषा एका पारदर्शक कागदावर, रंग खालच्या वेगळ्या कागदावर. रेषांचा कागद तिवारीचा, रंगांचा सुमनताईंचा.

मी त्यांचे ते खालचे कागद पाहिलेत. त्यांत एकही रेघ नव्हती. तरी बघता क्षणी कळायचं, हा पैठण गेट, हा पानदरिब्याचा बोळ, ही सकाळ, ही मार्चातली दुपार. खोटं नाही सांगत, माझ्या अंगावर काटा यायचा.

पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा एका सोमवारी सुमनताईंनी ब्रश धुता धुता मला विचारलं, "दादा, सायबाला इचारा ना, माझं नाव कुटं येईल?"

मी म्हणालो, "नावाचं काय एवढं?"

"तुमाला काय. तुमच्या बिल्ल्यावर नाव हाय, दारावर हाय. शेंद्र्याची जमीन कारखान्यात गेली तवा भावांनी मला तहसिलात नेलं, हक्कसोडावर सही घेतली. साडी नेसवली, जेवू घातलं. जल्मात एवढीच एक सही केली दादा, आन् ती बी सोडायची. एकदा कुटंतरी माझं नाव लागू द्या. बास."

मी फ्रेंचमध्ये विचारलं. तिवारीनं पेन्सिल खाली न ठेवता उत्तर दिलं. "तिला सांग, मुखपृष्ठावर फक्त लेखकाचं नाव असतं. आत कुठं द्यायचं का, ते मी नंतर ठरवीन. आत्ता वचन देत नाही."

सुमनताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ओला ब्रश तसाच हातात. आणि माझ्या तोंडून निघालं, "साहेब म्हणाले, येणार. नक्की येणार."

हा आमच्या धंद्याचा रोग. ड्रायव्हर चिडला तर साहेबाला सांगायचं, तो तुमची तारीफ करतोय. साहेब चिडला तर ड्रायव्हरला सांगायचं, साहेब थकलेत. दोन्हीकडून शांतता राहते, दिवस निभतो. इथं मात्र एका बाईची दोन वर्षं माझ्या त्या एका वाक्यावर उभी राहिली.

एक गोष्ट तेव्हाच मनात टोचली होती. माझं वाक्य ऐकून तिवारीची पेन्सिल थांबली. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, क्षणभरच, आणि परत कागदात डोकं घातलं. मी मनाची समजूत घातली, याला कुठं मराठी कळतं. पण त्याच दिवशी संध्याकाळी तो रिक्षावाल्याला म्हणताना मी ऐकलं, "क्या मियां, मजाक कर रै क्या? इत्ता नहीं होता."

दोन वर्षांनी काम संपत आलं तेव्हा फ्रान्सहून एक पत्रकार बाई मुलाखतीला आली. सोबत फोटोग्राफर. सोमवार होता, सुमनताई खिडकीपाशी शेवटची पानं रंगवत बसल्या होत्या. पत्रकार बाईनं पानं पाहिली आणि ती वेडीच व्हायची राहिली. म्हणाली, "तुम्ही रंगांना घाबरता असं सगळे म्हणायचे. हे कुठून आलं?"

तिवारीनं खिडकीबाहेर पाहिलं. सुमनताईंच्या डोक्यावरून. म्हणाला, "अजिंठ्याहून. त्या चित्रकारांनी मला रंग शिकवला. त्यांनीही सही केली नव्हती."

"आणि या बाई?"

"शेजारीण आहे. घरकामात मदत करते."

फोटोग्राफरनं सुमनताईंना हातानं खूण केली, जरा बाजूला सरका. त्या रंगांची वाटी सांभाळत उठल्या, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. मला म्हणाल्या, "काय म्हणले, दादा?"

मी म्हणालो, "तुमचं कौतुक केलं."

आणि तिवारीनं आमच्याकडे न बघता, स्वच्छ मराठीत दुजोरा दिला, "हो. लई कौतुक."

म्हणजे याला सगळं कळत होतं. पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोललो ते भित्रेपणानं. त्यानं ते ऐकलं, तोललं आणि वापरलं. सुमनताई लाजून हसल्या. तो हसरा चेहरा मला अजून झोपू देत नाही.

पुस्तक आलं ते पावसाळा संपताना. पाच प्रती. सुमनताई दुकानातून अर्धा दिवस सुट्टी काढून आल्या, इस्त्रीची साडी नेसून, पेढे घेऊन. त्या सातवी शिकलेल्या. फ्रेंच येत नव्हतं, पण अक्षरं तर इंग्रजीचीच. आपलं नाव वाचता येण्याइतकी त्यांना नक्की येत होती. मुखपृष्ठावर नव्हतं. आतलं पहिलं पान, दुसरं पान. बोट ओळीखाली ठेवून शेवटच्या पानापर्यंत गेल्या. रंगांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. शेवटी लिहिलं होतं, 'कथा, रेखाटन आणि रंग : तिएरी'. त्याखाली अजिंठ्याच्या अनाम चित्रकारांचे आभार, आणि 'माझ्या गाईडचे'. माझंही नाव नव्हतं. इतक्या वर्षांत त्यानं मला कधी नावानं हाक मारली नाही, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा लक्षात आलं.

"दादा, नाय हितं," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, "अहो, पुढच्या आवृत्तीत..."

"तुमी आता बोलू नका, दादा. तुमी लई बोललात. सायबाला बोलू द्या."

गाईड झाल्यापासून पहिल्यांदा मला दोन माणसांच्या मध्ये काहीच काम उरलं नव्हतं.

तिवारीनं घसा साफ केला. अडखळत, पण मराठीतच म्हणाला, "सुमनताई, अजिंठ्यात कुणाचं नाव नाही. मोठं काम असं असतं."

सुमनताईंनी पुस्तक मिटलं. मुखपृष्ठावरच्या त्याच्या ठळक नावावर बोट ठेवलं. "मंग हे कशाला घातलं?"

ज्या माणसाचं सगळं आयुष्य एका चोरीची तक्रार करण्यात गेलं, त्यानं ती चोरी जशीच्या तशी केली होती. माझं म्हणणं असं की, त्याला ते करताना कळत होतं. आपल्यावर अन्याय झाला म्हणून माणूस दुसऱ्याचं दुःख जाणतो, असं म्हणतात. मी हे नऊ वर्षं जवळून पाहिलंय. तो फक्त अन्याय कसा करायचा ते शिकला होता.

सुमनताईंनी चिंध्यांची पिशवी उचलली. पेढ्यांचा पुडा टेबलावर तसाच राहू दिला आणि जिना उतरून गेल्या. मी मागं गेलो. त्या वळून म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाय, दादा. पर आता घरी येऊ नका." आजतागायत गेलो नाही.

त्या पुस्तकाचं फ्रान्समध्ये नाव झालं. बक्षीस मिळालं, ते रंगांसाठी. प्रकाशकानं लगेच दुसरं मागितलं, आणि त्याला तेच रंग हवे होते. तिवारी कामाला लागला. रंगांच्या नळ्यांवरची नावं वाचून त्यानं दहा-बारा पानं रंगवली. माझ्याकडे आणून म्हणाला, "गाईड, खरं सांग." खरं सांग, आणि मला! पानावर माणसांचे चेहरे कच्च्या कैरीसारखे हिरवे झाले होते. मी म्हणालो, "छान आहेत." या वेळी तोंड आपोआप नाही बोललं. मी विचार करून बोललो, आणि मला बरं वाटलं. हेही लिहून ठेवतो. मी काही धुतल्या तांदळासारखा नाही.

पानं परत आली. प्रकाशकानं विचारलं होतं, तब्येत बरी आहे ना?

गेल्या हिवाळ्यात तो कायमचा निघून गेला, कुणाला न सांगता. दारावरची पाटी घरमालकानं अजून काढलेली नाही. दुसरं पुस्तक आल्याचं ऐकलं नाही.

जाण्याच्या महिनाभर आधी मी त्याला शेवटचं पाहिलं ते गुलमंडीत. लग्नसराई होती, मॅचिंग सेंटरसमोर बायकांची गर्दी. दुकानातल्या दिव्याखाली रंग फसवतो, म्हणून बायका कापड घेऊन पायरीवर येतात, उन्हात धरून बघतात आणि परत आत जातात. त्या बायकांच्या मधोमध पायरीवर तिवारी उभा होता. अंगात तोच शेवाळी कुर्ता, दोन्ही हातांत कापडाचा एकेक तुकडा. तो ते उन्हात धरून उलटसुलट करत होता, डोळ्यांजवळ नेत होता, लांब धरत होता. बायका त्याला वळसा घालून ये-जा करत होत्या.

त्याची नजर माझ्यावर पडली. रस्त्याच्या पलीकडून ओरडला, "गाईड! यातला हिरवा कोणता?"

उजव्या हातात शेवाळी होता, डाव्या हातात तपकिरी. मला स्वच्छ दिसत होतं. मी तोंड उघडलं आणि काय बोलणार होतो, ते अजूनही मला ठाऊक नाही.

आतून, काउंटरमागून, सुमनताईंचा आवाज आला. कापडाचा तागा उलगडणं न थांबवता, त्याच्या तोंडाकडे न बघता.

"उजव्या हातातला, साहेब." आणि लगेच, "हं, पुढं कोण हाय? काय मॅचिंग पायजे?"